समुद्राची मर्यादा, नदीची रेषा



आपल्या सोसायटीच्या रौप्य महोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासाचं लिहा' असं संपादक मंडळानं सांगितलं. सोसायटीचा स्वतःचा इतिहास, म्हणजे जागा कशी घेतली, पाया कधी खणला, पहिली बोअर कुणी मारली, हे सगळं जाणते सभासद याच अंकात लिहीत आहेत. त्यात माझी भर नको. म्हणून विषय थोडा लांबचा घेतला आहे. समुद्रकिनाऱ्यावर माणसानं वस्ती केली, बांध घातले, भराव टाकले, पुढे कायदे केले आणि तेही वाकवले, त्या सगळ्याचा हा इतिहास.

'सर, बिद्रीत बसून समुद्राचं काय लिहिताय?' असं कुणीतरी विचारणारच. त्याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे आपल्या मुधाळ तिट्ट्यावरून जो रस्ता जातो तो देवगड-निपाणी रस्ता. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट ओलांडला की आपण कोकणात. सरळ रेषेत मोजलं तर समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. हापूस येतो तो याच रस्त्यानं, आणि शनिवारी रात्री आपली पोरं गाडी काढून जातात तीही याच रस्त्यानं.

दुसरं उत्तर पाण्याचं आहे. दाजीपूरच्या डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस माथ्याच्या पश्चिमेला वळला तर लगेच अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला वळला तर आपल्या दूधगंगेत येतो, बेळगाव जिल्ह्यात कृष्णेला मिळतो आणि हजारावर किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला जातो. म्हणजे आपण एका समुद्राचे शेजारी आणि दुसऱ्या समुद्राचे पाणीवाले. किनाऱ्याशी संबंध नाही असं म्हणायला आपल्याला जागा नाही.

कोल्हापूरकरांचा समुद्र

इतिहासात तर कोल्हापूरला स्वतःचा समुद्र होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. पुढे स्वराज्याच्या दोन गाद्या झाल्या आणि हा किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो काही काळ घेतला, नंतर परत दिला. शेवटी १८१२ च्या तहात मालवणचं बंदर आणि किल्ला कोल्हापूर दरबारानं इंग्रजांना दिला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत कोल्हापूरचं राज्य थेट पुळणीपर्यंत होतं.

याच कोल्हापूरच्या गादीच्या काळात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. अमात्यांचं घराणं बावड्याचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. राज्य कसं चालवावं हे त्यात सांगितलं आहे आणि आरमारावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांना लाकूड लागतं, तेव्हा सागवान परवानगीनं तोडावा, कमी पडलं तर परमुलुखातून विकत आणावा असं अमात्य सांगतात. पण आंबा-फणसाला हात लावू नये. का? तर ती झाडं दोन-चार वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. ती जबरदस्तीनं तोडली तर रयतेचं दुःख राज्याला भोवतं. अगदीच लागलं तर एखादं जुनं, जीर्ण झाड मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं.

आज आपण 'शाश्वत विकास' असा जड शब्द वापरतो. अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी तो न वापरता हिशेब सांगितला: गरज खरी असली तरी ओरबाडायचं नाही, आणि ज्याचं त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. पुढचा इतिहास वाचताना हा हिशेब लक्षात ठेवा.

खाजणाचा सहकार

खाडीकाठची जमीन मोठी नाठाळ. दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी आत येतं. तिथं भात कसा पिकवायचा? कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसानं त्यावर शेकडो वर्षांपूर्वी उपाय काढला. चिखल, दगड आणि पेंढा वापरून खाडीच्या कडेनं मातीचा लांब बांध घालायचा आणि त्यात एक लाकडी दार बसवायचं. गोव्यात या दाराला 'मानस' म्हणतात, रायगडकडे 'उघाडी'. दाराची करामत अशी की त्याला माणूस लागत नाही. बाहेर भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं दार मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. पावसाळ्यात जमिनीतलं मीठ धुतलं जातं आणि मग 'कोरगुट'सारखं खारं सोसणारं भात लावायचं. दारापाशी कोळंबी आणि मासे मिळतात, ते वेगळंच उत्पन्न. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे.

आता यातली सहकाराची गोष्ट बघा. बांध एकाचा नसतो. माझ्या शेतापुढचा बांध मी सांभाळला आणि तुमच्या शेतापुढचा फुटला, तर पाणी माझ्याही शेतात येणारच. म्हणून गोव्यात गावकरी संस्थेनं बांध सगळ्यांचा ठरवला. मानशीवरच्या मासेमारीचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि बांधाच्या डागडुजीचा खर्च सामाईक उत्पन्नातून निघायचा. आपल्या सोसायटीत आपण जो सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी भरतो, त्याचा हा पणजोबाच म्हणा ना! सहकारी कायदा १९०४ साली आला, पण सहकार त्याच्या कितीतरी आधीपासून चिखलात उभा होता.

रायगड जिल्ह्यातही खारजमिनी आहेत, पण तिथं खोतीची पद्धत होती. कष्ट कुळांचे, धान्य खोताचं. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं १९३३ साली संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. जमिनी पडीक ठेवून, जंगलातली लाकडं विकून लोकांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभं राहून १९३७ मध्ये विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. किनारा सांभाळायचा तर आधी तो सांभाळणाऱ्याला न्याय मिळायला हवा, हा धडा चरीनं दिला.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदे आले आणि ते हवेच होते. पण त्याबरोबर बांध सांभाळायची जुनी घडी मोडली. महाराष्ट्रात बऱ्याच बांधांची जबाबदारी सरकारच्या खारजमीन खात्याकडे गेली. गोव्यात ती कुळांच्या संघटनांकडे गेली. तिथं मासे-कोळंबीला भाव आला तशी मानशीच्या लिलावाची रक्कम वाढली आणि ठेकेदार जादा माशांसाठी भरतीलाही दार उघडं ठेवू लागले. खारं पाणी आत शिरलं, भात गेलं. बांध तोच, दारही तेच. फक्त 'हे आपल्या सगळ्यांचं' ही भावना सुटली आणि दोन पिढ्यांत जमीन खारावली. बांध पाण्यानं फुटतो हे खरं, पण त्याआधी तो माणसांच्या मनात फुटलेला असतो.

मुंबईचा भराव

खाजणाच्या नेमकी उलटी गोष्ट मुंबईची. सात बेटं, मधे खाड्या आणि दलदल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात महालक्ष्मी आणि वरळीमधलं मोठं खिंडार बांधून बंद झालं. १८३८ साली कुलाब्याचा आणि १८४५ साली माहीमचा जोडरस्ता झाला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत गेला. बॅकबे कंपनीचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. समुद्र बुजायच्या आधी सावकार बुडाले!

१९२० नंतर सरकारनं पुन्हा बॅकबेचा भराव हाती घेतला. खर्च वाढत गेला, काम रेंगाळलं. बॅरिस्टर खुर्शेद नरीमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. मरीन ड्राइव्ह याच भरावातून निघाला. आणि गंमत म्हणजे पुढे समुद्र बुजवून झालेल्या जागेलाच 'नरीमन पॉइंट' हे नाव मिळालं.

खरी किंमत कळली ती २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कोल्हापूर शहरात वर्षभरात सरासरी साधारण तेवढा पाऊस पडतो, तो तिथं एका दिवसात पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर! भरती होती, त्यामुळे पाणी समुद्रात जाईना. मिठी नदीच्या दोन्ही अंगांची दलदल, जिथं पूर्वी पुराचं पाणी पसरून थांबायचं, तिथं वस्त्या, कारखाने आणि वांद्रे-कुर्ला संकुल उभं होतं. नदीचं पात्र आवळलेलं. शेकडो माणसं गेली. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक त्या रात्री ऑफिसात, लोकलमध्ये अडकले होते, फोन लागत नव्हते, ते कुणी विसरलेलं नाही. आणि त्याच दिवसांत इकडे पंचगंगेला महापूर होता, म्हणजे मुंबईच्या बातम्या बघायला आपल्याकडेही धड वीज नव्हती.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. नद्या-नाल्यांच्या वाटा मोकळ्या करणं, मिठीचं पात्र रुंद करणं, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची क्षमता वाढवणं, असंच त्या चौकशीचं सार निघालं. थोडक्यात, पाण्याला त्याची जागा परत द्या. जागा विकत घेताना आपण सातबारा बघतो, पण पाण्याचा सातबारा कुठल्याच चावडीत मिळत नाही. तो पाणीच वसूल करतं.

भरतीरेषेचा कायदा

किनाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळालं त्याची सुरुवात एका पत्रानं झाली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामाचा पसारा होऊ देऊ नका. पत्राला कायद्याचा जोर नसतो. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ ला किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमाखाली आला. गावठाणाबाहेरच्या, फारशी बांधकामं नसलेल्या किनाऱ्यावर पहिले २०० मीटर नव्या बांधकामाला बंद झाले.

राज्यांनी किनाऱ्याचे आराखडे एका वर्षात करायचे होते. पाच वर्षं झाली तरी ते तयार नव्हते. शेवटी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांचे कान धरावे लागले. मूळ अधिसूचनेत वीसहून अधिक वेळा दुरुस्त्या झाल्या. २०११ साली नवी अधिसूचना आली, २०१९ मध्ये आणखी एक. २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचे ५० मीटर झाले.

यात दोन्ही बाजू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोळीवाड्यातल्या माणसाला स्वतःच्या पडक्या घराची भिंत वाढवायलाही परवानग्या लागत होत्या, त्याला ५० मीटर म्हणजे सुटका वाटली. पण तीच सूट मोठ्या हॉटेलालाही मिळते. नियम सैल करताना तो कुणासाठी सैल होतो आहे हे बघायला हवं. अमात्यांचाच प्रश्न हा: गरज कुणाची, आणि विचारलं कुणाला?

फ्लॅटधारकांची गोष्ट

आपण गृहनिर्माण संस्थेचे सभासद, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. केरळात कोचीजवळ मरडू येथे खाडीकाठी चार मोठी निवासी संकुलं उभी राहिली. तीनशेहून अधिक फ्लॅट. घेणाऱ्यांत निवृत्त माणसं होती, परदेशात कष्ट केलेले होते, कर्ज काढलेले होते. स्थानिक परवानगी होती, घरपट्टी भरली जात होती, विजेची बिलं येत होती. मात्र किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी नव्हती. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला सुरुंग लावून चारही संकुलं पाडली. काही सेकंदांत एकेक इमारत खाली आली, साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. न्यायालयानं फ्लॅटधारकांना तातडीची भरपाई म्हणून २५ लाख रुपये द्यायला लावले. पण घर ते घर!

आपल्या राज्यातही मुंबईतल्या कुलाब्याच्या 'आदर्श' सोसायटीची ३१ मजली इमारत गाजली. किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी नसल्यानं जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ती पाडायचा आदेश दिला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही पाडण्याचा निकाल दिला, त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. तीही नावानं सहकारी गृहनिर्माण संस्थाच होती.

मुद्दा भीती घालण्याचा नाही. मुद्दा असा की घरपट्टीची पावती म्हणजे जागा सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. पाण्याकाठची जागा घेताना दोन कागद बघावे लागतात, एक माणसाचा आणि एक पाण्याचा.

तिवरं, कासवं आणि मर्यादवेल

आता चांगल्या बातमीकडे येऊ. खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं म्हणजे तिवरं, कांदळवन. पूर्वी लोक त्याला घाण समजत. मुळं चिखलाबाहेर काढून श्वास घेणारी ही झाडं लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात, आणि मासे-कोळंबीची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. मुंबईत भराव टाकून ती राजरोस मारली जात होती. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत गेली. बुजवायची म्हणून बघितलेली दलदल आज जगाच्या नकाशावर आहे.

दुसरी गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची. तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी अंडी चोरीला जात, कुत्री-कोल्हे उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यात ठेवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. ती बघायला पाहुणे येऊ लागले, गावातल्या घरांत राहू-जेवू लागले. जे गाव अंडी विकत होतं तेच गाव राखणदार झालं. पोट आणि किनारा या दोघांची गाठ घातली की पहारेकरी नेमावा लागत नाही.

याउलटही घडलं आहे. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, पण मासेमारी बंद होईल या भीतीनं मच्छीमारांनी कायम विरोध केला. हेतू चांगला होता, पण लोकांचा विश्वास आधी मिळवला नाही तर अभयारण्य कागदावरच राहतं.

तिसरी गोष्ट छोटी आहे. पुळणीवर जांभळ्या फुलांचा, पसरट पानांचा एक वेल असतो. त्याला आपल्या भाषेत 'मर्यादवेल' म्हणतात. वाळूवर जाळं विणून तो ती जागच्या जागी धरतो. वाळूच्या टेकड्या या वेलामुळे टिकतात आणि वादळात लाटा अडवायचं पहिलं काम त्या टेकड्याच करतात. आपल्या पूर्वजांनी किती नेमकं नाव ठेवलं! समुद्राची मर्यादा जिथं, तिथं हा वेल.

आणि नेमकी ही मर्यादा आपण, म्हणजे घाटावरून जाणारे पर्यटक, मोडतो. पुळणीवर जीप घालायची, गोल गोल फिरवायची, व्हिडिओ काढायचा. चाकाखाली खेकड्यांची बिळं, कासवांची घरटी आणि हा वेल सगळं चिरडलं जातं. किनाऱ्याला खेटून राहण्याची हौस आपली, म्हणून तिथं वेल उपटून खोल्या उभ्या राहतात, विहिरी उपसल्या जातात आणि गोडं पाणी खाली गेलं की समुद्राचं खारं पाणी विहिरीत सरकतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वाडी उभी करायला पिढी जाते. तिथल्या माणसानं ते सोसलं. निदान आपण गाडी रस्त्यावर लावून पुळणीवर पायी उतरावं, एवढं तरी करता येईल की नाही?

आपली निळी रेषा

आता घरी येऊ. समुद्राला भरतीरेषा, तशा नदीला पूररेषा. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून आपल्या राज्यात दोन रेषा मानतात. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये, निळी-लालच्या मधे अटी पाळून करावं, असा नियम.

पंचवीस वर्षं! आपला रौप्य महोत्सव आणि निळी रेषा यांचं वय एकच आहे, हे लिहिताना लक्षात आलं. पण '२५ वर्षांत एकदा' याचा अर्थ 'एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत' असा नाही. दरवर्षी तशा पुराची शक्यता शंभरात चार, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशेबानं सलग २५ वर्षांत असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात ६४ भरते. लाल रेषेचा पूरही लांबचा नाही. ३० वर्षांचं गृहकर्ज घेणाऱ्याच्या हप्त्यांच्या काळात तो येण्याची शक्यता शंभरात २६ आहे. कोल्हापुरानं तर २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांत पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुन्या माणसांच्या आठवणीतल्या खुणा पाण्यानं पुसून टाकल्या.

आपण दूधगंगा आणि वेदगंगेच्या मधल्या पट्ट्यात राहतो. नदी आपल्या दारात नाही, पण ओढा आहे. सोसायटीच्या मागच्या ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग करावं, असा विषय पुढच्या वार्षिक सभेत येणार आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची अडचण खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी सोसायटीत सायकली आणि चार-दोन स्कूटर होत्या. आज दारोदार चारचाकी. रात्री गाडी लावायला जागा नाही आणि रोज वाद होतात. ओढा तर काय, आठ महिने कोरडाच.

पण मिठीचे काठही बरेच महिने कोरडेच असायचे, आणि मरडूची जागाही कागदावर रिकामीच होती. कोरडा ओढा म्हणजे रिकामी जागा नव्हे, तो न आलेल्या पाण्यासाठी राखून ठेवलेला रस्ता आहे. स्लॅब टाकला की खाली गाळ आणि प्लास्टिक साठतं, आत उतरून काढता येत नाही, आणि एका मोठ्या पावसात पाणी मागे फिरून आपल्याच तळमजल्यात येतं. शिवाय वरच्या अंगाच्या वस्तीत आणि शेतात तुंबतं ते वेगळं. खाजणाच्या बांधासारखंच आहे हे: फूट कुठंही पडो, पाणी सगळ्यांच्या घरात.

म्हणून सभेपुढे ठेवण्यासाठी माझ्या काही साध्या सूचना आहेत. स्लॅबचा निर्णय घेण्याआधी पाटबंधारे खात्याकडे आणि ग्रामपंचायतीत ओढ्याच्या नोंदी आणि पूररेषेची माहिती लेखी मागावी. दरवर्षी मृग नक्षत्राच्या आधी ओढ्यातला गाळ काढायचं काम दुरुस्ती निधीतून, वेळापत्रकात घालून करावं. पार्किंगसाठी पुढचं मोकळं मैदान आखून घ्यावं आणि तिथंही काँक्रीट न करता सांध्यांतून पाणी मुरेल अशा फरशा घालाव्यात. गच्चीचं पाणी पाइपनं थेट ओढ्यात न सोडता आधी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात मुरवावं. आणि आजवरच्या सगळ्यात मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी कुठवर चढलं होतं, ते जुन्या सभासदांना विचारून कंपाउंडच्या भिंतीवर निळ्या रंगाची रेघ मारावी, खाली साल लिहावं. त्याला खर्च एका डब्याचा. पण उद्या नवीन येणाऱ्या सभासदाला आणि आपल्या नातवंडांना ती रेघ रोज दिसेल.

आपल्या भागात सहकार नवा नाही. ऊस, दूध, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था, सगळं आपण सहकारानंच उभं केलं. बिद्रीच्या कारखान्याचं नावच दूधगंगा-वेदगंगा आहे; दोन नद्यांच्या नावानं माणसं एकत्र आली. ज्या नद्यांचं नाव लावलं त्यांची वाट मोकळी ठेवणं हे त्याच सहकाराचं पुढचं पाऊल. आपण सोडलेलं पाणी, आपण टाकलेलं प्लास्टिक, आपण वापरलेलं खत हे सगळं कृष्णेतून शेवटी एका किनाऱ्यालाच जातं. तिथला कोळी आपल्याला ओळखत नाही, पण आपला ओढा त्याच्या दारापर्यंत पोचतो.

गेली पंचवीस वर्षं आपण इमारत सांभाळली: गळती काढली, रंग दिला, निधी साठवला. पुढच्या पंचवीस वर्षांत इमारतीभोवतीचं पाणीही सांभाळायचं आहे. पार्किंगचा विषय सभेत येईल तेव्हा हात वर करण्याआधी प्रत्येकानं एकदा पावसात ओढ्याकडे जाऊन बघावं, एवढीच विनंती.